बंदुकीचा परवाना आहे, मनोविकार तज्ज्ञाकडे गेलो तर तो जाईल का?

बोरीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मूळचा पारोळा तालुक्यातला, सध्या जळगावात भाड्याने राहतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. माझ्या नावावर बारा बोअरच्या दुनळीचा परवाना आहे. त्याच्या जोरावरच एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या गाडीवर गनमॅनची नोकरी लागली. साध्या गार्डपेक्षा पगार जास्त मिळतो तो बंदुकीमुळेच.

धाकट्या भावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मी जामीन आहे. कपाशीवर बोंडअळी पडली, त्याचे हप्ते थकले आणि वसुलीवाले त्याला सोडून माझ्या दारात यायला लागले. तेव्हापासून झोप उडाली. पहाटे तीनच्या सुमारास डोळे उघडतात, छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात. जेवणाची चव गेली. कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर असला तरी दोन घास खाऊन ताट सरकवतो. मुलीशी विनाकारण वसकन बोलतो आणि मग रात्रभर तेच डोक्यात फिरत राहतं. ईसीजी काढला, शुगर, थायरॉईड तपासलं, सगळं नॉर्मल. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी मनोविकार तज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. ती परवान्याच्या वहीत तशीच पडून आहे. मी गेलो नाही.

डॉक्टरांनी कलेक्टर ऑफिसला कळवलं तर परवाना जाईल. परवाना गेला की नोकरी गेली. नोकरी गेली की घर कशावर चालवायचं? पेन्शन तर कर्जातच जाते. शिवाय मुलगी लग्नाची आहे. गावात एकदा का ‘डोक्याचा इलाज चालू आहे’ असं झालं की स्थळं येणार नाहीत.

हे सगळं तरी सहन केलं असतं. पण मागच्या आठवड्यात ड्युटीवरून आल्यावर बंदूक साफ करायला बसलो. साफ करून झाली, तेलाचं फडकं घडी करून ठेवलं, तरी उठलो नाही. मनात काय आलं ते इथे लिहीत नाही, समजून घ्या. बायकोने जेवायला हाक मारली तेव्हा उठलो. तिला काही बोललो नाही. आता त्या कपाटाच्या खोलीत झोपायलाही नको वाटतं.

कोणी परवानाधारक अशा इलाजातून गेलं असेल तर खरं काय ते सांगा.

तापीपार

भाऊ, माझं ऐका, इथल्या सरकारी दवाखान्यात जाऊ नका. केसपेपर निघाला की नाव कायमचं लागतं. नाशिकला किंवा सुरतेला जा, दुसरं नाव सांगा, रोख पैसे द्या. बंदूक तोवर भावाकडे शेतात ठेवून द्या. वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.

सातपुड्याच्या पायथ्याशी

बोरीकाठ भाऊ, कायद्याचं नंतर बोलू. आधी ती बंदूक घराबाहेर गेली पाहिजे. तुमचा इथला मजकूर वाचताना माझे हात थांबले, कारण तुम्ही जे लिहायचं टाळलंत ते मला ठाऊक आहे. आज रात्रीच वहिनींना सगळं सांगा, अर्धवट नाही. त्यांना काय वाटेल याचा विचार करू नका. आणि पहाटे जीव घाबरला तर १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलतात. विचार अंगावरच आला तर ११२.

मी यावल तालुक्यातला केळीवाला. माझा परवाना पीक संरक्षणाचा, वडिलांच्या काळापासूनचा. रानडुकरं एका रात्रीत बागेची वाट लावतात, म्हणून घेतलेला. मधल्या एका उन्हाळ्यात वादळाने घड निसवलेली अख्खी बाग आडवी झाली. कापणीला महिना-दीड महिना राहिला होता. त्यानंतर मी बागेत जाणंच सोडलं. ओट्यावर बसायचो, कोणी आलं की आत जायचो. मोठ्या मुलाने हात धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी ‘घरात शस्त्र आहे का’ हे अगदी सुरुवातीलाच विचारलं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, इलाज चालू आहे तोवर ती घरात नको.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जमा केली. भाऊ, यात नवीन काही नाही. विधानसभा असो की लोकसभा, आचारसंहिता लागली की आपण सगळे रांगेत उभे राहून जमा करतोच ना? तीच पद्धत. काडतुसं वेगळी घेऊन गेलो. हवालदाराने नळी उघडून रिकामी असल्याची खात्री केली, परवान्याच्या वहीवरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी ताडून पाहिला, काडतुसं मोजून लिहून घेतली आणि शिक्का मारून पावती दिली. कारण विचारलं तेव्हा ‘काही महिने घरात ठेवायची नाही’ एवढंच म्हणालो, तेवढं पुरलं. परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडेही सुरक्षित ठेवायला देता येते, तो भाडं घेतो. कुठेही द्या, पण पावती सांभाळा, आणि जाताना एकटे जाऊ नका, सोबत कोणीतरी घ्या.

तापीपार दादा, तुम्ही काळजीने लिहिलंत, पण तुमचे दोन्ही सल्ले भाऊंना अडचणीत आणतील. बंदूक भावाकडे ठेवायची म्हणजे ज्याच्या नावावर परवाना नाही त्याच्या ताब्यात शस्त्र द्यायचं. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ३ परवान्याशिवाय शस्त्र बाळगू देत नाही, आणि कलम २५ मध्ये त्याला तुरुंगवास आहे. परवाना तर जाईलच, दोघा भावांवर गुन्हाही दाखल होईल. वरून त्या भावाचंही कर्जाने डोकं फिरलेलं असेल. त्याच्या शेतातल्या खोलीत बंदूक ठेवायची कल्पनाच मला सहन होत नाही.

दुसरं, नाव लपवणं. कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होतो त्यातलं एक कारण असं आहे की माहिती दडवून किंवा चुकीची देऊन परवाना मिळवला. अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं हे आपल्याला माहीत आहे. खोट्या नावाने औषधं घेणाऱ्याला खऱ्या नावाचं प्रमाणपत्र कोण देणार? उलट ज्याच्या फाईलमध्ये नियमित इलाज, सुधारणा, आणि ‘स्वतःहून शस्त्र जमा केलं’ असं लिहिलेलं आहे, त्याच्यासाठी डॉक्टर ठामपणे लिहू शकतात. माझ्या नूतनीकरणाच्या वेळी तेच झालं. उशीर लागला, कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत खेटे घालावे लागले, पण परवाना टिकला.

आता सरळ उत्तर. शस्त्र अधिनियमात विकल मनाच्या माणसाला परवाना नाकारायची आणि असलेला काढून घ्यायची तरतूद आहे, ती खरी आहे. पण मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ३ मध्ये लिहिलंय की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कोणालाही विकल मनाचा मानता येत नाही, तसं सक्षम न्यायालयाने ठरवावं लागतं. म्हणजे धडधड आणि उदासीची गोळी चालू झाली की परवाना आपोआप रद्द, असं काही नाही. मात्र ‘इतर कोणत्याही कारणाने अपात्र’ असं म्हणायचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे, म्हणून शंभर टक्के हमी मी देणार नाही. तसा आदेश निघाला तर कलम १८ खाली अपील करता येतं.

पण भाऊ, समजा गेलाच परवाना. मग काय? माझ्याकडे आता बागेला सौरऊर्जेवरचं झटका कुंपण आहे. डुकरं तरी येतातच, थोडं नुकसान होतं. चालतं.

वॉर्ड नंबर सात

मी धुळे जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात परिचारिका आहे. बोरीकाठ दादा, तुम्हाला कलेक्टर ऑफिसची धास्ती आहे म्हणून तेवढंच आधी. आमच्या ओपीडीत कोणाकडे परवाना आहे याची यादी करून कुठे पाठवायचा नियम नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या त्याच कायद्याने बंधनकारक आहे, कलम २३. अपवाद आहेत आणि ते तुम्हाला माहीत असावेत: कोणाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असेल किंवा न्यायालयाने मागितलं, तर आवश्यक तेवढीच माहिती देता येते. म्हणूनच शस्त्र आधीच जमा असलं की डॉक्टरांनाही निवांतपणे इलाज करता येतो. रुग्णाने बंदुकीबद्दल मोकळेपणाने सांगितलं तर त्याच्यावर कोणी ओरडत नाही. आम्ही फवारणीच्या औषधाबद्दलही असंच विचारतो. खान्देशातल्या शेतकऱ्याच्या घरात बंदुकीपेक्षा तो डबाच जास्त सापडतो. तुमच्या भावाच्या घरी असेल तर तोही हाताशी राहू देऊ नका.

तो विचार बहुतेकदा लाटेसारखा येतो, कमाल गाठतो आणि ओसरतो. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की माणूस वाचतो. वर्षानुवर्षं हेच पाहत आले आहे.

औषधांबद्दल. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी जास्त बेचैनी होऊ शकते. ‘गुण नाही’ म्हणून आठ दिवसांत सोडणारे खूप, तसं करू नका. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात आणि बंद करताना हळूहळू कमी करतात. झोपेची गोळी दिली तर ती थोड्या दिवसांपुरतीच, तिची सवय लागते. मेडिकलवाल्याकडून परस्पर पत्ते आणू नका. दारू घेत असाल तर डॉक्टरांना प्रमाण खरं सांगा. गोळ्यांनी सुस्ती येते तोवर भरलेलं शस्त्र घेऊन ड्युटी नकोच, परवाना राहो की जावो.

मुलीच्या लग्नाचं मनाला लावून घेऊ नका. मधुमेहाच्या रांगेपेक्षा आमच्यासमोरची रांग लहान नाही, आणि त्यात तुमच्या ओळखीचे चेहरे दिसतील.

माजी नाईक, चाळीसगाव

जय हिंद साहेब. वरच्या दोघांनी सगळं सांगितलंय, मी फक्त पलटणीची आठवण करून देतो. आपली मेडिकल कॅटेगरी शेप वन म्हणायचे. त्यातला पहिला एस हा मनाचाच होता. कान, हातपाय, शरीर, डोळे सगळे नंतर. जवान खचलेला दिसला की सुभेदार साहेब त्याचं हत्यार कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा करायला लावायचे, त्याला लंगर नाहीतर ऑफिसच्या कामाला लावायचे आणि एक बडी चोवीस तास सोबत द्यायचे. त्याला कोणी कमी लेखलं नाही. बरा झाला की हत्यार परत हातात. तुम्ही हवालदार होतात, तुम्ही स्वतः कोणाला तरी असं सांभाळलं असणार.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे ना? मनोविकाराचा इलाज त्यातही बसतो. पॉलिक्लिनिकमधून पुढे रेफर करून घ्या, औषधांचा खर्च वाचेल. वसुलीवाल्यांचं म्हणाल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन बसा. बँकेला लेखी अर्ज कसा द्यायचा, हप्ते पुनर्रचित करून कसे मागायचे हे तिथे विचारा. आणि वसुलीवाले घरी येऊन धमकावत असतील तर ते बेकायदा आहे, तारीख-वेळ लिहून ठेवा, ठाण्यात तक्रार द्या. तुम्हाला फोन करायचा असेल तर मेसेज पाठवा, माझा नंबर देतो. तू एकला नही शे, भाऊ.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार मानायला शब्द सापडत नाहीत. बायकोला रात्री सांगितलं. ती रडली आणि मग म्हणाली, मला कळत होतं, तुम्ही बोलायची वाट पाहत होते. सकाळी मेहुण्याला सोबत घेऊन ठाण्यात बंदूक आणि काडतुसं जमा केली. पावती बायकोकडे आहे. सोमवारी ईसीएचएसमध्ये जातोय, तीच जुनी चिठ्ठी घेऊन.

एकच अडलंय. बंदूक जमा म्हणजे गाडीवर जाता येणार नाही. सुपरवायझरला काय सांगू? आजाराचं नाव सांगायलाच हवं का?

माजी नाईक, चाळीसगाव

नाव सांगू नका, गरज नाही. ‘तब्येतीच्या कारणाने शस्त्र जमा केलं आहे, काही महिने बिनशस्त्र ड्युटी द्यावी’ असा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. कंट्रोल रूम, व्हॉल्टच्या दारावरची नोंदवही, असं काही ना काही काम असतं. पगार थोडा घटेल, त्याची तयारी ठेवा.

वॉर्ड नंबर सात

आणि डॉक्टरांकडून फिटनेसचं पत्र घ्याल तेव्हा त्यात ‘वैद्यकीय उपचार चालू, हलकं काम द्यावं’ एवढंच लिहायला सांगा. आम्ही रोज तसंच देतो. सोमवारी जाताना ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचे पत्ते पिशवीत टाकून न्या, अगदी ॲसिडिटीच्या गोळ्यासुद्धा. वहिनींना सोबत न्या. झोप किती लागते हे त्या तुमच्यापेक्षा नीट सांगतील.