रविवारची सुट्टी आणि लोखंडे
रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली असं म्हणतात, ते मला पटत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळाली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडेंमुळे, १० जून १८९० ला, आणि त्यासाठी माणूस सहा वर्षं झगडला. १८८४ ला बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही गिरणी कामगारांची संघटना काढली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, वर 'दीनबंधू' हे वृत्तपत्र चालवायचा तो वेगळाच व्याप. मला सगळ्यात भारी वाटते ती एप्रिल १८९० ची महालक्ष्मीची सभा, दहा हजार कामगार जमले आणि दोन बायका उठून बोलल्या, त्या काळात हो! पुढे १८९७ ला प्लेगच्या रुग्णांसाठी धावपळ करता करता प्लेगनेच गेले. शाळेत हे नीट शिकवतच नाहीत राव.