शंभर वारांवर निकाल नको
गेममधल्या सरावाच्या पुतळ्यावर १०० वार केले, २६ क्रिट (नशिबाने जास्त इजा करणारे वार) लागले, म्हणजे पात्राच्या शीटवर क्रिटचा दर म्हणून लिहिलेले २० टक्के खोटे, असं तुम्ही म्हणताय. जरा घाई होतेय. खरा दर २० टक्के असला तरी १०० वारांत १२ ते २८ क्रिट सहज येतात. १००० वार मारा, मग चढउतार अडीच टक्क्यांच्या आसपास उरतो. कंटाळवाणं आहे, मान्य! मी फोंड्यात ऐन पावसाळ्यात हेच करत बसलो होतो आणि ७०० वर वीज गेली. कॉम्बॅट लॉग, म्हणजे गेमने ठेवलेली प्रत्येक वाराची नोंद, फाइलमध्ये उतरत होता म्हणून आकडे बचावले, त्यामुळे तो आधी चालू करा. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदला. तुम्ही तलवारीबरोबर अंगठीही बदललीत, मग फरक कुणामुळे पडला ते कसं कळणार?