खानदेशात नर्सिंग संशोधनाची विद्यापीठीय संस्था हवी, की आधी वॉर्डात माणसं?

गिरणाकाठची
जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नर्सिंग कॉलेजंही आहेत. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रत्येक मुलीला प्रबंध करावा लागतो. बाइंडिंग झालं, तोंडी परीक्षा झाली की तो कपाटात जातो आणि ती मुलगी नोकरीला पुण्या-मुंबईला.

माझं म्हणणं सरळ आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने नर्सिंग आणि आरोग्य संशोधनाची संस्था खानदेशात काढावी, शक्यतो नंदुरबारला. तसं निवेदन मी लिहितेय, त्यावर तुमच्या सह्या हव्यात. कारण प्रश्न इथे आहेत. मे महिन्यात भुसावळ-रावेर पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो. शेतात मजुरीला जाणाऱ्या बायांना आडोसा नसतो, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी लघवीची जळजळ घेऊन ओपीडीत येतात, गोळ्या घेऊन जातात, पंधरवड्यात परत हजर. केसपेपर काढणाऱ्या सिस्टरला हे तोंडपाठ आहे. पण अशा किती जणी, कोणत्या महिन्यात, पुढे किडनीवर काय परिणाम होतो, हे मोजायचं कुणी?

पांझराकाठ
ताई, कळकळ समजते, पण माझा पूर्ण विरोध. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स असा आहे, इतरत्र पाचांमागे एक. कुठे दिसतो हो? माझी आई मागच्या वर्षी एका सरकारी दवाखान्यात भरती होती. रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर. ती एका टोकाला ऑक्सिजन लावत होती तेव्हा दुसऱ्या टोकाला आईचं सलाईन संपत आलेलं, नळीत रक्त चढायला लागलं. शेजारच्या पेशंटच्या भावाने चाक फिरवून ते बंद केलं. तिथे मला संशोधन नको होतं, दुसरी सिस्टर हवी होती. संस्था म्हटली की आधी इमारत, मग संचालक, मग गाडी. तेवढ्या पैशात पदं भरा.

गिरणाकाठची
पांझराकाठ भाऊ, ती दुसरी सिस्टर मागायला जाताना हातात काय घेऊन जाणार? अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलमध्ये लिंडा एकन यांनी उभं केलेलं संशोधन केंद्र आहे. त्यांनी २००२ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. पुढे युरोपातल्या नऊ देशांत हाच प्रश्न विचारला गेला, २०१४ मध्ये उत्तर तसंच आलं. 'सिस्टरांवर ताण आहे' म्हटलं की वरून उत्तर येतं, ताण सगळ्यांनाच आहे. आपल्या जिल्ह्याचा असा आकडा समोर ठेवला तर फाईल अशी परत पाठवता येणार नाही.

तापीतीर
मुद्दा वेगळा मांडतो. जळगावच्या विद्यापीठाच्या कक्षेत नर्सिंग येत नाही, १९९८ पासून ते नाशिककडेच आहे. म्हणजे जे काही होईल ते तिथल्याच परवानगीने, तिथल्याच प्राध्यापकांकडून. मग इथे फक्त पाटी लागणार.
आणि संशोधनाला विद्यापीठच लागतं हेही मला पटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' उभी केली. गावातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, बालमृत्यू मोजले आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे तेच काम आहे. विद्यापीठाने नाही, तिथे मुक्काम ठोकून राहिलेल्या माणसांनी केलं.

सातपुड्याची_एएनएम
नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावपातळीवरची परिचारिका आहे, म्हणून लिहिते.
बाळाचं वजन करायला घरी जाते. झोळीचा काटा आढ्याला अडकवायचा, बाळ झोळीत घालायचं. ते पाय झाडतं, काटा हलत राहतो. दोन किलो शंभर ग्रॅम की दोनशे, हे ते शांत होईपर्यंत कळत नाही. आई पावरीत बोलते, आशाताई मला समजावून सांगते. मग तेच वजन रजिस्टरमध्ये, तेच पोर्टलवर, तेच महिन्याच्या अहवालात. दिवाळीनंतर कुटुंब गुजरातला ऊसतोडीला जातं, दार ओढून घेतलेलं असतं. होळीला परत येतं. मधल्या महिन्यांचा रकाना कोरा राहतो, आणि मीटिंगमध्ये तो माझ्या नावावर पडतो.
संस्था आली तर आणखी एक फॉर्म आमच्या गळ्यात घालू नका. तुमची माणसं ऊसतोडीच्या पडावावर पाठवा, त्या बाळाचं तिथे काय होतं ते बघा.
सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. केंद्राचं अभियान २०२३ ला सुरू झालं, २०४७ चं उद्दिष्ट आहे. तपासणी होते, कार्ड मिळतं. पण हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घ्यायची असते, आणि दुखणं थांबलं की घरचे ती बंद करतात. का करतात, कोणाचं ऐकून परत सुरू करतील, हे आम्ही जाणतो. आम्हाला विचारायला आजवर कोणी आलं नाही. आणि विचारलं, छापलं, तर खाली आमचं नाव घाला.

गिरणाकाठची
ताई, नावाचा मुद्दा मी निवेदनात पहिल्या क्रमांकावर घालते. तापीतीर, 'सर्च'चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे बंग दांपत्याने अख्खं आयुष्य दिलं. असं आयुष्य देणारं कोणी मिळेल याची वाट खानदेशाने किती दिवस पाहायची? विद्यापीठाची संस्था असली की माणूस बदलला तरी काम चालू राहतं.

तापीतीर
संचालकपद रिकामं राहिलं की तेही थांबतं. आपल्याकडे प्रभारींवर किती वर्षं निघतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. संस्था धडगावला असेल आणि संशोधक तिथेच राहायला बांधील असतील, तर मी विचार करेन. जिल्ह्याच्या गावी असेल तर नाही.

पांझराकाठ
एएनएम ताईंचं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. त्यांच्या रजिस्टरला हात लावण्याआधी त्यांच्या जोडीला दुसरी एएनएम द्या. निवेदनात 'मंजूर पदं भरल्याशिवाय इमारतीला निधी नको' अशी ओळ घाला.

गिरणाकाठची
ती ओळ घातली तर दोन्ही कामं अडतील. पदं न्यायालयात अडकतात, भरती लांबते, तोवर काहीच करायचं नाही? 'पदभरती आणि संस्था एकाच वेळी' असं लिहिते. चालेल का?

पांझराकाठ
नाही. तसं लिहिलं तर माझी सही नाही.