विश्वासाने सांगितलेलं कॉलेजने पुढे कळवायचंच का?

मुक्ता_लिहिते:
बारा वर्षं झाली तरी डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतेय. माझी रूममेट, तिचा बॉयफ्रेंड आधी फोन चेक करायचा, मग पासवर्ड मागून घेतले, मग हात उचलायला लागला आणि एका रात्री तिने नको नको म्हणूनही ऐकलं नाही. तिने खूप हिंमत करून एका मॅडमना सांगितलं. मॅडम वाईट नव्हत्या, घाबरल्या असाव्यात. संध्याकाळपर्यंत प्रिन्सिपल, ऑफिसातली दोन माणसं आणि तिचे आईवडील, सगळ्यांना माहीत. ती घरी गेली ती परत आलीच नाही, डिग्री अर्धी राहिली. त्याची झाली पूर्ण.

माझं मत एवढंच की प्रत्येक कॉलेजात निदान एक माणूस असा पाहिजे ज्याला सांगितलेलं त्याच्यापाशीच राहील. तक्रार करायची का, पोलिसात जायचं का, घरी कळवायचं का, हे जिच्यावर गुदरलंय ती ठरवेल.

जुना_मास्तर:
अजिबात पटलं नाही. पंचवीस वर्षं शिकवतोय, असं काही ऐकून मला गप्प बसता येणार नाही. उद्या त्याच मुलाने दुसऱ्या मुलीला तेच केलं तर? मला माहीत होतं आणि मी तोंड शिवून बसलो, हे घेऊन जगायचं का मी? शिवाय कॉलेजं गुप्ततेच्या नावाखाली प्रकरणं दाबतात हे डोळ्यांनी पाहिलंय, मुलीची बदनामी नको म्हणत स्वतःची अब्रू वाचवतात. आणि अठरा-एकोणीसची पोरं, धक्क्यात असतात, तेव्हाचा निर्णय खरंच त्यांचा म्हणायचा का?

मुक्ता_लिहिते:
सर, दाबणं वेगळं आणि गुप्त ठेवणं वेगळं. दाबतात तेव्हा बोलायचं नाही हे संस्था ठरवते, इथे ते ती ठरवणार आणि उद्या मन बदललं तर उद्या बोलणार.

ओपीडीतून:
डॉक्टर आहे म्हणून लिहिते, वेळेचं कोणी बोलतच नाहीये. एचआयव्ही होऊ नये म्हणून देतात ती औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकं चांगलं. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी ५ दिवसांपर्यंत घेता येते पण उशीर होईल तसा भरवसा कमी. अंगावरचे, कपड्यांवरचे पुरावेही दिवसागणिक कमी होतात. एकाला सांगितलं की सगळ्यांना कळणार ही भीती असली की हेच तीन दिवस पोरी पांघरुणात तोंड खुपसून काढतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी येतात, तेव्हा माझ्या हातात फार थोडं उरलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे की जोडीदाराने केलेली हिंसा आरोग्य कर्मचाऱ्याने पोलिसांना कळवलीच पाहिजे अशी सक्ती नको, पण बाईला कळवायचं असेल तर मदतीची तयारी दाखवावी.

आणि प्लीज, "ओरडली का नाहीस" हे कुणीच विचारू नका. भीतीने शरीर गोठतं, आवाज फुटत नाही, त्याला होकार म्हणत नाहीत.

सरळ_प्रश्न:
आणि त्या मुलाचं काय? एकीचंच ऐकून बंद दाराआड ठरवणार? आरोप खोटा निघाला तर त्याचं आयुष्य बसलं ना.

उशिरा_बोललो:
बंद दाराआड कुणावर ठपका ठेवतच नाहीत हो. चौकशी वेगळी, तिथे दोघांचं ऐकायलाच पाहिजे, आणि आधार देणाऱ्याने चौकशीत पडूच नये. बॅच बदलून देणं, परीक्षा पुढे ढकलणं, हॉस्टेलची खोली बदलणं, यासाठी कुणाला दोषी ठरवावं लागत नाही. दुसरं म्हणजे सगळे मुलगी मुलगी लिहितायत, मी मुलगा आहे आणि माझ्यावर झालं ते सांगायला मला सहा वर्षं लागली. असा एखादा माणूस तेव्हा असता तर, जाऊ दे.

ओपीडीतून:
@उशिरा_बोललो, इथे लिहिलंत ते फार बरं केलंत.

मास्तरांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत, सगळंच गुप्त राहील असं वचन कुणी देऊ नये. वय अठराच्या खाली असेल तर बऱ्याच देशांत कळवावंच लागतं. जिवाला धोका असेल तरी गप्प राहता येत नाही. त्याने कधी गळा दाबला होता का हे विचारायचंच, कारण तसं झालं असेल तर पुढे खून होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, आणि नातं तोडण्याच्या सुमारास तर फारच जपायला लागतं. फक्त या मर्यादा तिने तोंड उघडायच्या आधी सांगा, नंतर नाही.

मुक्ता_लिहिते:
हो, तेच. मॅडमनी एवढं जरी आधी सांगितलं असतं तरी ती विचार करून बोलली असती. आणि सर, दुसऱ्या मुलीबद्दल म्हणालात ना, अमेरिकेत काही कॉलेजांत २०१५ पासून कॅलिस्टो नावाची सोय सुरू झाली, तिच्यात आपली नोंद बंद करून ठेवता येते आणि त्याच माणसाचं नाव आणखी कुणी लिहिलं की मगच ती पुढे जाते. असं काहीतरी करता येईल की.

जुना_मास्तर:
हे माहीत नव्हतं. पण दुसरं नाव येईपर्यंत थांबायचं म्हणजे दुसरी होऊ द्यायची, हे मला अजूनही पचत नाही. डॉक्टरबाईंचं वेळेचं पटलं. यापुढे कुणी माझ्याकडे आलं तर आधीच सांगेन, बाळ, मला सांगितलंस तर मला पुढे कळवावं लागेल, जिथे गुप्त राहील तिथे बोलायचं असेल तर चल, मी दारापर्यंत येतो. आमच्या कॉलेजात ते दार कुठलं हे मात्र मलाच माहीत नाही, उद्या जाऊन विचारतो.