गाडीचा एक्झॉस्ट बदललाय का? गोव्यातल्यांनो, अनुभव लिहा

पर्वरीहून, धागा काढणारा

चवथीनंतर सेकंडहँड मस्टँग जीटी घेतली, ५ लिटरची व्ही-एट, आणि खरं सांगतो, गाडी घेतली ती आवाजासाठीच. पण आत बसल्यावर तो फारच दबका येतो. अटल सेतूवर थर्डमध्ये पूर्ण दाबली की मग कुठे इंजिन बोलायला लागतं. म्हणून मागचे दोन्ही मफलर, म्हणजे सायलेन्सरचे डबे, बदलायचा विचार आहे, पुढचं काहीच हलवायचं नाही. अडचण अशी की आमचं रेस्टॉरंट आहे, बंद करून घरी पोचायला रात्रीचा एक होतो, गल्ली अरुंद आणि भिंतीला भिंत लागून काकींचं घर, वय पंचाहत्तरच्या पुढे. मला आवाज हवाय पण त्यांची झोप मोडून नकोय. ज्यांनी काम करून घेतलंय त्यांनी लिहा ना, नेमकं काय बदललं, आत बसल्यावर कसं वाटतं, लांबच्या रस्त्याला त्रास होतो का, आणि खाऱ्या हवेत किती टिकलं. ज्यांनी करून परत काढलं त्यांनी तर लिहाच.

फोंड्याहून

मी काढून टाकलेल्यांपैकी. माझी ४ सिलिंडरची टर्बो हॅच, रेझोनेटर (मफलरशिवायचा, घुमी कमी करणारा छोटा डबा) आणि मफलर दोन्ही काढून सरळ पाइप टाकला होता. पहिले दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन काणकोणला निघालो, टॉप गिअरला नव्वदच्या आसपास, आणि २७०० आरपीएमला गाडीत अशी घुमी सुरू झाली की बोललेलं ऐकू येईना, पोरगी मागे कानावर हात धरून बसली, बायको मडगावपर्यंत काही बोलली नाही आणि मग म्हणाली परत आपण बसने जाऊ. ह्याला ड्रोन म्हणतात. ४ सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा फायर होतं, म्हणजे २७०० ला सेकंदाला ९० ठोके, आणि त्या ९० हर्ट्झला सगळी केबिनच घुमटासारखी वाजायला लागते. बाहेर उभ्या माणसाला हे कळतही नाही, म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन कधीच ठरवू नका, हायवेला नेऊन त्याच स्पीडला दहा मिनिटं धरा.

शेवटी रेझोनेटर परत बसवला आणि बाजूला एक जे-पाइप जोडून घेतला. एका टोकाला बंद असलेली नळी असते. त्यात शिरलेली लाट बंद टोकावर आपटून उलटी येते आणि मूळ लाटेला मारते. लांबी त्या लाटेच्या चौथ्या हिश्शाएवढी लागते, माझ्या केसमध्ये मीटरभराच्या थोडी वर. गॅस गरम असतो आणि गरम गॅसमध्ये आवाज जोरात पळतो, त्यामुळे हिशोबाने लांबी बरोब्बर बसत नाही, आधी मोठी ठेवून दोनदा कापावी लागली. पण घुमी गेली. आता परत बायको पुढे बसते.

वास्कोहून, फॅब्रिकेशनवाला

पाइपचं काम करतो म्हणून लिहितो. लोक टोकाला बघतात, टिप कुठली, किती इंच, काळी की क्रोम. टिपने आवाजाला फारसं काही होत नाही हो. बघायचं ते आत. पाइप वाकवलाय कसा ते बघा, साध्या प्रेसवर वाकवला की वळणात चपटा होतो, मँड्रेलवर, म्हणजे आत आधार घालून वाकवलेला शेवटपर्यंत गोल राहतो. वेल्डिंग टिग असेल तर विचारा की आतून आर्गॉन गॅस सोडला होता का. नाही सोडला तर स्टेनलेसच्या आतल्या बाजूला जळक्या साखरेसारखे खडे धरतात, तिथूनच पुढे चीर जाते. माझ्याकडे असा एक पाइप आला होता, बाहेरून सोन्यासारखी निळी-पिवळी शिवण, कापला तर आतून कोळसा.

खाऱ्या हवेला ३०४ स्टेनलेस घ्या. कंपन्या बहुतेक ४०९ वापरतात, स्वस्त पडतं आणि काम चांगलं देतं, पण बाहेरून तांबूस होतंच, समुद्राजवळ लवकर. आणि सडतं ते आतून पण. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, रोज दोन किलोमीटरच गाडी फिरली तर मफलर तापतच नाही आणि ते पाणी आत साचून राहतं. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास गाडी नीट पळवा.

अजून एक, एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी कुठे गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं पेट्रोल कमी पडतंय म्हणून तो जास्त सोडतो. ॲव्हरेज पडलं की सगळे इंजिनाला दोष देतात आणि खराब असतो नुसता गॅस्केट.

डिचोलीहून

कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढू नका. बस. मी काढला, चेक इंजिनचा दिवा महिनाभर, कॅटचाच एरर कोड पी०४२०, सिग्नलला काच खाली केली की डोळे चुरचुरायचे. परत बसवायला काढायच्या कितीतरी पट खर्च.

म्हापशाहून

कायद्याचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी भरलाय दंड. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडीत बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तेच धरून निकाल दिलाय. बदलाला १८२ए खाली प्रत्येक बदलामागे ५,००० किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आवाजाची मर्यादा मोडली तर १९०(२), पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत, वर तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. कारला कंपनीच्या टेस्टमध्ये मर्यादा आहे ७४ डेसिबल. १० डेसिबल वाढले की कानाला जवळजवळ दुप्पट वाटतं, म्हणजे जरा वाढवला म्हणता म्हणता आपण कुठे पोचतो बघा.

मला रात्री अडवलं, साहेब सभ्य होते, बॉनेट पण उघडायला लावलं नाही, म्हणाले नुसतं चालू कर. चालू केली आणि वाद घालायला काही उरलंच नाही. जुना मफलर भंगारात दिला होता, तो शोधायला तीन शनिवार गेले. तेव्हा काढलेला पार्ट घरी जपून ठेवा, आणि इन्शुरन्सला बदल लेखी कळवा. माझ्या ओळखीत एकाचा क्लेम ह्याच कारणावरून अडकून पडला.

बांबोळीहून

मी गाडीवाली नाही, पण वाचलं आणि लिहावंसं वाटलं. गेल्या पावसात आई गोमेकॉत, इथल्या गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, अकरा दिवस होती, मी रात्री तिच्याजवळ. हायवेवरून रात्री दोनला एखादी गाडी फटफट फुटत जायची, आई दचकून उठायची, ऑक्सिजनची नळी ओढायची, आणि परत झोप लागायला तास जायचा. मी खिडकी लावून बघितली, काही फरक नाही, तो खर्जातला आवाज भिंतीतून येतो. हॉस्पिटलच्या भोवती १०० मीटर सायलेन्स झोन असतो, रात्री दहा ते सहा तिथे ४० डेसिबलची मर्यादा. चालवणारा मुलगा वाईट असेल असं मला वाटत नाही, त्याला वॉर्ड दिसतच नसणार. पर्वरीच्या भावाने काकींचा विचार आधीच केला हे वाचून बरं वाटलं.

मडगावहून

ताई, तुमचं वाचून मी ईसीयूमधला फुटफुटीचा मॅप (सेटिंग) काढायला गाडी दिली, खरंच. थ्रॉटल सोडल्यावर मुद्दाम पेट्रोल जाळून जे फटाके वाजतात ना ते, नसले तरी गाडी तेवढीच छान वाजते.

पर्वरीवाल्या पात्रांव, तुला व्हॉल्व्हवाला एक्झॉस्ट लागेल. बंद असला की गॅस मफलरमधून फिरून जातो, उघडला की सरळ. माझ्याकडे चार वर्षं आहे, पहाटे चोर्ला घाट चढताना साखळी गावाच्या पुढे उघडतो, दरडीवरून आवाज परत येतो तेव्हा काच खाली करून रेडिओ बंद. काय सांगू, त्यासाठीच गाडी ठेवलीय. फक्त कोल्ड स्टार्ट सांभाळ. थंड गाडीला कॅट लवकर तापवायला ईसीयू आयडल वर ठेवतो, दिवसातला सगळ्यात मोठा आवाज तोच असतो आणि तो तुझ्या दारातच होणार. मी रात्री गाडी बंद करतानाच व्हॉल्व्ह बंद करून ठेवतो.

पर्वरीहून, धागा काढणारा

सगळ्यांचे आभार, ताई तुमचे जास्त. आईंना लवकर पूर्ण बरं वाटू दे.

आज सकाळी अकराला एक केलं. भावाला गाडीत बसवलं आणि मी काकींना विचारून त्यांच्या झोपायच्या खोलीत उभा राहिलो. मोबाइलवर डेसिबलचं ॲप, खिडकी रोज असते तशी अर्धी उघडी. भावाने चालू केली, मग १५००, मग २५००. २५०० ला कपाटाची काच थरथरली, अजून सगळं कंपनीचंच असताना. काकी म्हणाल्या, ह्याने मी उठत नाही रे, तू गेटपाशी मागे घेताना दोनदा रेस देतोस ना, त्याने उठते.

ती रेस आजपासून बंद. व्हॉल्व्हवालाच घेतोय, आणि वास्कोच्या दादांना मेसेज केलाय, शनिवारी माप घ्यायला वेळ असेल तर कळवा, जुने मफलर ठेवायला माळ्यावर जागा केलीय.