मदत हवी आहे: पंधरा वर्षांची छोटी गाडी पासिंगला नापास. दुरुस्त करू की भंगारात देऊ?

मुलुंडकरीण

मंडळी, जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा, लांबलंय.

गाडी छोटी हॅचबॅक, पेट्रोल, 91 हजार किलोमीटर चाललेली. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद ‘ही घ्यायचीच कशाला’ यावरच जातील. नोंदणी फेब्रुवारी 2011 ची, म्हणजे आरसीची पंधरा वर्षं येत्या फेब्रुवारीत भरतात. मी घेतली 2018 मध्ये, सेकंडहँड. मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो, म्हणून लगेच नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म 25 भरला. फी 5000 (2022 च्या मार्चपर्यंत हेच काम 600 मध्ये व्हायचं, असो). पर्यावरण कर वेगळा. एक विसरलेलं ई-चलान निघालं, तेही भरलं. एवढं करून गाडी तपासणीला नेली आणि नापास.

तपासणाऱ्या साहेबांबद्दल तक्रार नाही, त्यांनी दाखवलं ते खरंच होतं. मागचा डावा ब्रेक जवळजवळ लागतच नाही. दोन्ही हेडलाइट इतके पिवळे की दिवा आहे की हळदीची वाटी कळेना. मागचा एक सीटबेल्ट ओढला की परत आत जात नाही. पुढच्या टायरची नक्षी झिजून झिजेच्या खुणेला टेकलीय. आणि मुख्य म्हणजे चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंटच येईना. आमच्या गाडीत तो डाव्या सीटखाली फ्लोअरवर आहे. कागद ठेवून पेन्सिल घासली तर सतरापैकी अकरा अक्षरं उमटली, बाकी नुसता गंजाचा रवा.

तिथून थेट गॅरेजला गेले. मिस्त्रीने कार्पेट उचललं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “मॅडम, गाडी कुणाकडून घेतली?” कार्पेटखालच्या फोमवर सरळ रेघ होती, वाळलेल्या गाळाची. सीटच्या रुळांचे बोल्ट फुगून पापुद्रे सुटलेले. पहिला मालक परळचा, हिंदमातापासून चालत पाच मिनिटांवर. 29 ऑगस्ट 2017 च्या पुरात तिथे काय झालं होतं ते मुंबईकरांना सांगायला नको. मी गाडी घेतली त्यानंतर नऊ महिन्यांनी. तेव्हा आतून अत्तराचा वास येत होता, मला वाटलं हौशी माणूस आहे.

मिस्त्रीचा अंदाज असा: दोन्ही रनिंग बोर्ड (दारांखालच्या लांब पट्ट्या) आणि फ्लोअरचा सडलेला पत्रा कापून नवीन वेल्ड करणे 14 हजार, मागचे ब्रेक साडेचार, पुढचे दोन टायर सात, हेडलाइट तीन, सीटबेल्ट दीड, लोअर आर्म (पुढच्या चाकांचा सस्पेन्शनचा दांडा) आणि इंजिन फाउंडेशन (इंजिनची थरथर शोषणारे रबरी आधार) मिळून सहा. बेरीज 36 हजार. एक डीलर एक्स्चेंजमध्ये 40 हजार म्हणतो, भंगारवाला 22.

वापर महिन्याला तीनशे किलोमीटर, मुलुंड ते डोंबिवली आईकडे आणि परत. नवीन गाडीचा हप्ता आत्ता नकोय. काय करू?

चाळकरी

पंधरा वर्षं झाली की गाडी बंदच ना? उगाच पैसे घालू नका.

पाना_नंबर_बारा

चाळकरी, ते दिल्लीचं. आपल्याकडे खासगी गाडी तपासणीत पास झाली की पुढची पाच वर्षं चालते.

ताई, तुमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी फुटकळ आहेत. या वयाच्या कुठल्याही छोट्या गाडीत ब्रेक, बुश, फाउंडेशन निघतंच. मागच्या ब्रेकचा व्हील सिलिंडर गळत असणार, ब्रेक ऑइल लायनरवर गेलं की ते चाक धरत नाही. ड्रम उघडल्यावर लायनर ओले दिसतील. सिलिंडर आणि लायनर दोन्ही बाजूंचे बदला, एकाच बाजूचे बदललेत तर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढेल. टायरवर शेवटचे चार आकडे बघा, 1419 म्हणजे 2019 सालचा चौदावा आठवडा. मागचेही टायर फार जुने असतील तर नक्षी असली तरी बदला.

खरा प्रश्न पत्र्याचा. एक मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या, गाडी रॅम्पवर घ्यायला लावा आणि खालून जोर देऊन टोचत जा. रनिंग बोर्डमध्ये घुसला तर घाबरू नका, तो कापून बसवता येतो. पण जॅक लावायची जागा, सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तो पत्रा, मागच्या सस्पेन्शनचा माउंट, इथे घुसला तर 36 काय, 6 हजारही घालू नका. आणि कुणी ‘लांबी (पुट्टी) भरून रंग मारतो, कळणार नाही’ म्हणाला तर गाडी उचलून दुसरीकडे न्या.

सांजवेळ

चेसिस नंबरवर कुणालाही ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर फिरवू देऊ नका! माझ्या दिराने हे केलं. उरलेले आकडेही गेले, मग परवानगी काढून नंबर परत पंच करून घेण्यात दीड महिना गेला. रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवा, सकाळी पितळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने. हेडलाइटला टूथपेस्टचा उपाय सगळे सांगतील, महिनाभर चकाकतात आणि मग आधीपेक्षा वाईट होतात, कारण वरचा थर गेलेला असतो. नवीनच घ्या.

पीयूसी आहे का? ते कुणी विचारलं नाही.

मुलुंडकरीण

आहे, पण दुसऱ्या प्रयत्नात. पहिल्यांदा सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) 0.8 टक्के आला, आमच्या बीएस-4 गाडीला मर्यादा 0.3 ची. पंपावरच्या मुलानेच सांगितलं की थंड गाडी आणलीत, धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. एलबीएस रोडवर अर्धा तास फिरवून आणली, एअर फिल्टर बदलला, 0.2 आला.

पाना_नंबर_बारा

म्हणजे इंजिन धड आहे. टोचून बघा आणि कळवा.

मुलुंडकरीण

काल टोचलं. डाव्या रनिंग बोर्डात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला, बाहेर काढला तर मागोमाग मूठभर गंज आणि एक चॉकलेटचा कागद. उजवा थोडा बरा. पण जॅकची जागा, सीटबेल्टचे पॉइंट, मागचे माउंट, सगळीकडे टणक आवाज. मिस्त्रीलाही आश्चर्य वाटलं. रॉकेलच्या बोळ्याने सतराच्या सतरा अक्षरं आली, फक्त एका 8 चा 3 वाटतो, भिंगातून 8 च आहे.

तर दुरुस्तच करतेय. फाउंडेशन आत्ता राहू दे म्हटलं, थरथर सोसू. मंगळवारी गाडी टाकायची आहे. वेल्डिंग चालू असताना तिथेच डबा घेऊन बसणार आहे. काय लक्षात ठेवू?

पाना_नंबर_बारा

बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून ठेवायला सांगा, इसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टरही. कार्पेट आणि फोम पूर्ण बाहेर. पेट्रोलची पाइप फ्लोअरखालून जाते, ती कुठून जाते ते आधी दाखवायला लावा. नवीन पत्र्याला आतून प्राइमर आणि वॅक्स मारल्याशिवाय बंद करू देऊ नका, नाहीतर दोन पावसाळ्यांत हाच धागा वर येईल. आणि तो जुना फोम परत बसवू नका. कितीही उन्हात वाळवला तरी वास येतोच.

मुलुंडकरीण

अत्तराचा उलगडा झाला.