नवीन टेम्परेचर सेन्सर बसवला, पण काटा वर चढत नाही – मदत हवी आहे

गाडी १९७० च्या दशकातली, कार्ब्युरेटरची. एका वायरचा सेन्सर, अर्थिंग (अर्थ) थेट इंजिनमधून. जुन्याचं टर्मिनल तुटलं म्हणून त्याच आट्यांचा दुसऱ्या कंपनीचा बसवला. आता इंजिन पूर्ण तापलं तरी काटा पाव भागाच्या वर जात नाही.

थर्मोस्टॅट ठीक आहे, हाऊसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटरने ८५ अंश दिसतात. कूलंटमधली हवा काढली आहे. सेन्सरची वायर क्षणभर अर्थ केली की काटा थेट 'एच'वर (हॉट) जातो, म्हणजे वायरिंग आणि मीटर चालू आहेत. पेट्रोलचा काटाही बरोबर, त्यामुळे दोन्ही मीटरना स्थिर व्होल्टेज देणाऱ्या स्टॅबिलायझरवर संशय नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावली होती. अर्थ तुटत असेल म्हणून काढली, फरक शून्य. सेन्सर गरम पाण्यात धरून मोजला: ८५ अंशांना १४० ओहम. जुन्याचं रीडिंग घेता आलं नाही, याची फार रुखरुख आहे.

मूळ मीटर बदलायचा नाही. सेन्सरला समांतर रेझिस्टर जोडून मधला काटा जुळवता येईल, पण इंजिन खरंच जास्त तापलं तर वरचं रीडिंग भरवशाचं राहील का? की आधी मीटरला वेगवेगळे रेझिस्टर लावून त्याला किती ओहम हवेत ते शोधू आणि तसा सेन्सर घेऊ?